घरी पाडलेल्या विटांची भट्टी: सोळा वेळा लावल्यानंतर

फेब्रुवारीत मातीची भांडी भाजायची माझी भट्टी उभी राहिली, नोव्हेंबर संपता संपता सोळा वेळा लावून झाली. विटासुद्धा घरीच पाडल्यात म्हटलं की समोरचा विचारतो, "टिकतात का हो?" टिकतात, पण सगळीकडे नाही. भिंतीला आणि कमानीला पुन्हा याच विटा लावीन. जाळाच्या तोंडाला आणि दाराला मात्र नाही.

मी मावळात, कामशेतच्या बाजूला राहते. आधीची भट्टी वीटभट्टीवरच्या साध्या लाल विटांची होती. तिच्या भिंती सगळी धग पिऊन घ्यायच्या आणि आत हजार अंश गाठेपर्यंत बाहेर माझी पाठ भाजायची. उष्णता रोखणाऱ्या हलक्या विटा बाजारात मिळतात, पण साडेचारशे विटांचा खर्च ऐकून मी गप्प बसले. मग ठरवलं, आपणच पाडू. सासूबाई म्हणाल्या, "एवढ्या खटाटोपात एक खोली झाली असती." बरोबरच होतं त्यांचं.

पहिली चूक मातीतच झाली. बांधावरची माती फुकट म्हणून तिच्याच दहा विटा पाडल्या. तिच्यात काळ्या मातीचा अंश होता, त्यामुळे वाळताना सहा विटा उभ्या चिरल्या. उरलेल्या चार आव्यात, म्हणजे कुंभारी पद्धतीच्या उघड्या भट्टीत, घातल्या, तर छान भाजून निघाल्या. चौथ्या दिवशी बघते तर एकीच्या कडेला डाळीएवढा पांढरा ठिपका आणि त्यावरचा टवका उडालेला. चुनखडीचा खडा! भाजल्यावर त्याची चुनकळी होते, मग ती हवेतला ओलावा ओढून फुगते आणि वीट फोडून बाहेर येते. गावातल्या कुंभारकाकांनी लांबूनच पाहून सांगितलं, "ताई, ही माती शेताला ठेवा."

त्यानंतर फायरक्लेची, म्हणजे जास्त धग सोसणाऱ्या मातीची, पोती आणली. शेवटी बसलेलं माप असं: दोन घमेली फायरक्ले, एक घमेलं खापराचा चुरा, दोन घमेली लाकडाचा भुसा. भुसा भट्टीत जळून जातो आणि त्याच्या जागी बारीक बारीक पोकळ्या राहतात. त्या पोकळ्यांतली हवा धग अडवते, सगळी करामत एवढीच. चुरा फुटक्या मडक्यांचा आणि जुन्या विटांचा. तो आधीच भाजलेला असल्यामुळे आक्रसत नाही आणि विटेला तडे जाऊ देत नाही. भुसा मात्र गव्हाच्या चाळणीतून चाळूनच घ्या. मी पहिल्या घाण्यात आळस केला, आणि त्या विटांना बोटाएवढी भोकं पडलीत. वखारीत प्लायवुडचा भुसाही मिसळलेला असतो, तो नको, त्यातल्या डिंकाचा धूर डोळ्यांत जातो. काका त्यांच्या मातीत घोड्याची लीद घालतात, तीही हेच काम करते. पण पाचशे विटांपुरती लीद आणायची कुठून?

साच्याबद्दल जरा थांबून सांगते, कारण इथे बरेच जण फसतात. मी मिश्रणाची एक पट्टी थापली, ओली असतानाच तिच्यावर बरोबर १० सेंटीमीटरची रेघ ओढली, वाळवली, भाजली आणि पुन्हा मोजली. ९.२ भरली, म्हणजे ८ टक्के आकसली. मला तयार वीट २३० बाय ११५ बाय ७५ मिलिमीटरची हवी होती. म्हणून सुताराकडून साचा २५० बाय १२५ बाय ८२ चा करून घेतला. गवंडी हसला, "एवढी मोठी वीट कशाला?" भाजून निघालेली वीट त्याच्या हातात दिल्यावर गप्प झाला. तुमची माती वेगळी असेल तर आकडाही वेगळा येईल, माझा उचलू नका.

पाडणं मजेचं, वाळवणं जिवावरचं. पहिले चार दिवस गोणपाटाखाली सावलीत, मग कडेवर उभ्या करून, आणि अगदी शेवटी उन्हात. घाई केली की कडा आधी वाळतात, पोट ओलं राहतं आणि वीट केळ्यासारखी वाकते. ५२० पाडल्या, त्यातल्या ४६१ कामाच्या निघाल्या. भाजताना भुसा पेटतो तेव्हा जो धूर निघतो, त्याची शेजाऱ्यांना आधीच कल्पना द्या. मी दिली नव्हती. शिवाय भुशाचा स्वतःचाच जाळ होतो, त्यामुळे आपण सरपण थांबवलं तरी आव्यातली धग चढतच राहते. हवा कमी पडलेल्या विटा मोडून पाहिल्या तर पोटात काळ्या निघाल्या. त्या मी बाहेरच्या थराला लावून टाकल्या.

साधी लाल वीट तीन किलोच्या आसपास भरते, माझी एक किलो नऊशे ग्रॅम. जुन्या करवतीने कापता येते, दुसऱ्या विटेवर घासून पाचरीसारखी करता येते. दोन फुटांची कमान मी अशीच घासून घासून बसवली आणि लोखंडी कोनांनी आवळली.

भट्टी आतून दोन बाय दोन बाय अडीच फूट, भिंत नऊ इंच जाड. आधी एका वेळेला १६० किलोपर्यंत सरपण लागायचं, आता ११० च्या आत भागतं. नऊ तासांचं काम सातवर आलं. आतली धग कळावी म्हणून ठेवलेला ०६ नंबरचा कोन (ठरावीक उष्णतेला वाकणारा मातीचा छोटा सुळका) वाकतो, म्हणजे आत साधारण १००० अंश असतात, तेव्हा बाहेरून भिंतीवर तळहात टेकवून लगेच काढता येतो. जुन्या भट्टीला असा हात लावायची हिंमत नव्हती.

आता तक्रारी. जाळाच्या तोंडाशी लावलेल्या विटा पाचव्या खेपेपासून झिजायला लागल्या. लाकडाच्या राखेतला क्षार तिथे सतत उडतो आणि सच्छिद्र विटेत शिरून तिला वितळवतो. हिरवट काचेसारखे ओघळ आले होते, दिसायला सुंदर! वर ओंडके ढकलताना त्यांचा मार. आठव्या खेपेनंतर तेवढ्या बावीस विटा काढल्या आणि विकतच्या घट्ट फायरब्रिक लावल्या. तेव्हापासून तिथे बघावं लागलेलं नाही. दाराच्या विटा दर वेळी रचायच्या आणि काढायच्या, त्यामुळे त्यांचे कोपरे खडूसारखे झडतात. झडलेला चुरा ग्लेझवर, म्हणजे भांड्याच्या काचेसारख्या लेपावर, पडतो आणि बशी वाया जाते. तीन गेल्या.

सांध्यांना फायरक्ले आणि बारीक चुऱ्याचंच पातळ पाणीदार मिश्रण वापरलं. फक्त धुराड्याच्या पायथ्याशी गवंड्याने "मजबूत होईल" म्हणत सिमेंट घातलं, मी बघत होते तरी अडवलं नाही. तिसऱ्या खेपेला तो सांधा नखाने उकरला तर पिठासारखा खाली आला.

आणि मावळातला पाऊस. वर पत्रा आहे, चारी बाजूंनी ताडपत्री आहे, तरी या विटा हवेतूनच पाणी पितात. जुलैत नेहमीप्रमाणे जाळ वाढवला आणि तासाभरात आतून ठप्प असा आवाज आला. मागच्या भिंतीचा एक टवका उडून दोन वाडग्यांवर पडला होता. आता पावसाळ्यात आदल्या संध्याकाळी तीन तास नुसता मंद जाळ ठेवते, धुराड्यातून वाफ दिसायची थांबली की मगच पुढे. मातीची भांडी करत असाल आणि हजार-अकराशे अंशांच्या आतच भाजत असाल तर या विटा कराव्यात. स्टोनवेअरच्या (दगडासारख्या घट्ट भांड्यांच्या) १२०० च्या वर माझी भट्टी मी नेलेली नाही आणि नेणारही नाही.

सध्या पडवीत दारासाठीच्या चाळीस विटा गोणपाटाखाली वाळताहेत. या वेळी भुसा अर्ध्यावर आणला आणि चुरा वाढवला. वजनाला जड झाल्यात, पण ओल्या असतानाच कोपरे जास्त घट्ट वाटतात.