परसबागेला गांडूळ खत की जीवामृत?

घरामागच्या माझ्या दोन गुंठ्यांत मुळात माती नव्हतीच. कराडच्या आसपासची जमीन काळी, कसदार, असं सगळे सांगतात. पण प्लॉट पाडताना त्या काळ्या रानावर दोन फूट मुरूम ओढतात आणि घर घेणाऱ्याच्या वाट्याला तो मुरूम येतो. पहिल्या वर्षीची वांगी गुडघ्याच्या वर गेली नाहीत. त्याला आता सहा वर्षं झाली. पहिली अडीच वर्षं जीवामृत केलं, मग गांडूळ खत, मधे काही महिने दोन्ही. किडीवरच्या फवारणीत दशपर्णी, म्हणजे दहा झाडपाल्यांचा आंबवलेला अर्क, करून बघितलं आणि निंबोळी अर्कावर आलो. आता कोणी विचारलं की यातलं काय करू, तर मी आधी उलट विचारतो, दारात गाय आहे का? असेल तर पुढचं निम्मं वाचलं नाही तरी चालेल.

जीवामृताची कृती बहुतेकांना पाठ असते. एकराला २०० लिटर पाण्याचा ड्रम, त्यात १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २-२ किलो गूळ आणि बेसन, बांधावरची मूठभर माती. परसबागेला त्याचा दहावा हिस्सा, म्हणजे २० लिटरची बादली पुष्कळ झाली. दोन दिवस सावलीत ठेवायचं, सकाळ-संध्याकाळ ढवळायचं, आणि सात दिवसांच्या आत संपवायचं. हे शेवटचं वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्यावर फारसा थांबलो नव्हतो.

जीवामृत खत नव्हे, विरजण आहे. हे लक्षात यायला मला वर्ष लागलं. ते घराघरांत पोचवलं विदर्भातल्या बेलोऱ्याच्या सुभाष पाळेकरांनी (२०१६ ची पद्मश्री त्यांना याच कामाबद्दल), आणि त्यांचं सांगणंही तेच आहे: जमिनीत द्रव्यं आहेत, ती पिकाला काढून देणारे जिवाणू हवेत, आणि त्या जिवाणूंना आच्छादन हवं. काळ्या रानात हे पटतं. माझ्या मुरमात सेंद्रिय असं काही नव्हतंच. दूधच नसेल तर विरजण कशात घालणार? मी उसाचं पाचट आणून अंथरलं तेव्हा कुठे फरक दिसू लागला. पाचटाखाली हात घातला की गार ओल लागायची, आणि तिसऱ्या पावसाळ्यात देशी गांडुळंही दिसली, लांब, काळपट, बोट लागताच सर्रकन बिळात जाणारी. ती जीवामृतामुळे आली की नुसत्या ओलाव्यामुळे, हे मला छातीठोक सांगता येणार नाही. अर्ध्या वाफ्याला जीवामृत न घालता बघायला हवं होतं, ते मी केलं नाही.

गांडूळ खताचा हिशेब सरळ आहे. जमिनीत काही नाही, तर बाहेरून काहीतरी घाला. मी आठ बाय चार फुटांचा बेड घेतला, तो प्लॅस्टिकच्या कापडाचा मिळतो तसा. तळाशी नारळाच्या शेंड्या, वर पालापाचोळा, घरातला ओला कचरा आणि शिळं शेण. पुस्तकात ४५ ते ६० दिवस म्हणतात. माझ्याकडे थंडीत तीन महिने लागतात आणि चार-पाच पोती निघतात. पहिल्याच हप्त्याला मिरचीच्या वाफ्यातली माती हातात धरल्यावर वेगळी लागली. मुरमाची ती कचकच कमी झाली होती. मोजमाप म्हणाल तर एवढंच: आधी खुरपं आपटायचं, आता रुततं.

एक गैरसमज मात्र काढून टाका. बेडमधलं गांडूळ, आयसेनिया फेटिडा, हे कुजणाऱ्या पाल्यात आणि शेणात राहणारं आहे. ते जमिनीत खोल बिळं करत नाही. वाफ्यात सोडून रान भुसभुशीत होईल म्हणून जे किलोभर गांडुळं विकत आणतात, त्यांचे पैसे गेले. पाळेकर तर या गांडुळाला गांडूळच म्हणत नाहीत आणि गांडूळ खताला त्यांचा विरोधच आहे. तेवढ्या टोकाला मी जाणार नाही, पण जमीन नांगरायचं काम देशी गांडुळाचं, हे त्यांचं म्हणणं मला मान्य आहे.

मग मी जीवामृत का सोडलं? खरं कारण सांगायला जरा लाज वाटते, कारण त्याचा मातीशी काही संबंध नाही. गोमूत्र.

आमच्या भागात गोठे भरपूर, पण गोठ्यात एच.एफ. (होल्स्टीन फ्रिजियन) या विलायती जातीच्या गाई किंवा म्हशी. जीवामृताला देशी गाय सांगितलेली, आणि माझ्या ओळखीत खिल्लार गाय एकाच मामांकडे, तीही घरापासून चार किलोमीटरवर. बाजारात बाटलीत मिळतो तो गोमूत्र अर्क, म्हणजे उकळून वाफ धरलेला. तो या कामाचा नाही, ताजंच हवं. म्हणून दर दुसऱ्या शनिवारी पहाटे साडेपाचला किटली घेऊन मामांच्या गोठ्यात उभं राहायचं. गाय उठली की लगेच मुतते, ती वेळ साधायची. मी पोचेपर्यंत बऱ्याचदा कार्यक्रम उरकलेला असायचा. एकदा सलग दोन शनिवार रिकाम्या किटलीनं परतायची पाळी आली, तेव्हा मामा म्हणाले, "सर, गाय म्हंजी नळ न्हाई, फिरवला की यायला."

बरं, ते मिळालं तरी पुढचा आठवडा आपला राहत नाही. शनिवारी कालवलं की सोमवारी तयार, आणि तिथून घड्याळ सुरू. एकदा चुलत बहिणीच्या लग्नाला नागपूरला गेलो. दोन दिवसांत येणार होतो, आलो नवव्या दिवशी. बादलीचं झाकण न काढताच मला कळलं. शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावून म्हणाल्या, "तुमच्याकडं काही मेलंय का बघा हो." त्यात बेसनाच्या गुठळ्यांनी झारीची चाळणी तुंबते, ती दर वेळी काडीनं टोकरत बसायचं. फडक्यातून गाळलं तर तेही तुंबतं. या सगळ्याला फार तर रविवारचे दोन तास जात असतील. पण मला बाग वेळापत्रकासाठी नको होती, वेळापत्रक ऑफिसात पुरेसं आहे.

गांडूळ खताला घाई नसते. शेण शिळंच लागतं, ताजं घातलं तर त्याच्या उष्णतेनं गांडुळं मरतात. म्हशीचंही चालतं. आठवडाभर बाहेरगावी गेलो आणि वर ओलं गोणपाट असलं, तर बेडला कळतही नाही. तयार खत पोत्यात सावलीत ठेवलं तर ते माझी वाट बघतं.

म्हणजे ते बिनत्रासाचं आहे, असं नाही. मुंग्या हा मोठा ताप. बेडच्या चारी बाजूंनी पाण्याची चारी ठेवली तरी एखादं वाळलेलं पान पूल होऊन पडतं. दुसऱ्या वर्षी जुलैत बेडचं पाणी जायचं छिद्र पाल्यानं बुजलं आणि रात्रभर पाऊस लागला. सकाळी बघतो तर गांडुळं घराच्या भिंतीवर खिडकीच्या उंचीपर्यंत चढलेली, आणि खाली एक भारद्वाज अगदी सावकाश, निवडून निवडून खात होता. त्यानंतर वर पत्रा टाकला. खत काढायच्या वेळी गांडुळं वेगळी करायला तीन-चार दिवस पाणी तोडावं लागतं, मग उन्हात ढीग करायचा, ती तळाशी जातात. तरी पोत्यात थोडी येतातच.

आता किडीचं. इथेही दोनच नावं निघतात, दशपर्णी आणि निंबोळी अर्क. वाट बघण्याच्या गुणात दशपर्णीच पुढे. महिनाभर आंबवलं की पुढे महिनोन्‌महिने टिकतं, आणि पांढरी माशी त्यानं माझ्याकडे बऱ्यापैकी हटली होती. पण दहा झाडांचा पाला गोळा करायचा म्हणजे कडुनिंब, सीताफळ, पपई गावात मिळतील. निर्गुंडी, गुळवेल, करंज यांसाठी एक रविवार गेला. आणि त्यात रुई, कण्हेर, घाणेरीही असतात. कण्हेर विषारी. कोथिंबीर आणि मेथी आम्ही संध्याकाळी उपटून रात्री खातो, तिच्यावर तो अर्क मारायला माझा हात धजला नाही. शेतकरी मारतात, काढणीआधी दिवस सोडतात, त्यांचं बरोबर असेल. परसात तेवढे दिवस मधे मिळत नाहीत.

निंबोळीचं बी टिकतं, अर्क टिकत नाही. मला तेच सोयीचं पडलं. ज्येष्ठ-आषाढात झाडाखाली पिवळ्या निंबोळ्यांचा सडा पडतो, त्या गोळा करून गर धुऊन सावलीत वाळवायच्या. वर्षभराहून जुन्या ठेवू नका, कस उतरतो. लिटरला ५० ग्रॅम भरड रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्यातून गाळायची, जरासं साबणाचं पाणी, की पाच टक्क्यांचा अर्क झाला. फवारायचा मात्र संध्याकाळी, कारण यातलं किडीवर काम करणारं द्रव्य, अझाडिरॅक्टिन, उन्हानं उतरतं. आणि भरड घरच्या मिक्सरमध्ये करू नका. मी केली होती. नंतर भांडं तीनदा घासलं, तरी शेंगदाण्याची चटणी आठवडाभर कडू लागत होती. आता अंगणात वरवंट्यानं ठेचतो.

यानं कीड टपाटपा खाली पडत नाही, ही तयारी ठेवा. मावा, फुलकिडे, लिंबावरची अळी यांचं खाणं आणि वाढ थांबते. फरक चौथ्या-पाचव्या दिवशी दिसतो. जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणाला मी आधी पाण्याच्या जोरदार धारेनं धुतो, मगच अर्क. दोडक्याच्या फळमाशीला दोन्ही अर्क निरुपयोगी, कारण अळी फळाच्या आत असते. तिथे क्यू ल्यूरचा, म्हणजे नर माशीला ओढणाऱ्या गंधाचा, सापळा लावा आणि सडकी फळं उचलून नष्ट करा, बेडमध्ये टाकू नका.

ज्यांचं चार-पाच एकर रान आहे, गोठा आहे, ठिबक आहे, त्यांनी माझं ऐकू नये. एवढ्या रानाला पुरेल इतकं गांडूळ खत करणं किंवा विकत घेणं परवडणार नाही, आणि गोमूत्रासाठी त्यांना किटली घेऊन उभं राहावं लागत नाही. तिथे जीवामृत आणि भरपूर आच्छादन हेच. गच्चीवरच्या कुंड्यांना मात्र मी डोळे झाकून गांडूळ खत सांगेन. पाचव्या मजल्यावर जीवामृताचा वास घेऊन सोसायटीच्या मीटिंगला जायची हिंमत असेल तर गोष्ट वेगळी.

परसबाग या दोहोंच्या मधे येते, म्हणून एवढं लिहिलं. जीवामृत मी अगदी टाकलेलं नाही. वर्षातून दोनदा, पावसाच्या तोंडावर आणि दिवाळीनंतर, एक बादली करतो, तेही मामांनी आधी फोन केला तर. परवा शेण आणायला गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, "हल्ली मूत न्हेत न्हाई सर, रान सुधारलं का?" मी म्हटलं, थोडं सुधारलंय. मग त्यांनी म्हशीच्या शिळ्या शेणाची दोन घमेली जास्त टाकली.