मी जिथे पोळ्या लाटते ते पोळी-भाजी केंद्र

पाचपैकी दोन स्टार देतेय, आणि तेही चवीला. पुण्यात सिंहगड रोडच्या बाजूला आहे हे केंद्र. नाव लिहीत नाही, कारण माझ्याशिवाय अजून दहा बायकांचं पोट त्यावर चालतं.

मी गिऱ्हाईक नाही. मार्चपासून आत ओट्यापाशी उभी आहे. सकाळी 6 ते दुपारी 3, रोजच्या तीन-साडेतीनशे पोळ्या. त्यामुळे काउंटरवरून जे दिसत नाही तेवढंच सांगते.

चांगलं आधी सांगते, कारण ते खरं आहे. पगार 7 तारखेला म्हणजे 7 तारखेला. जूनमध्ये मुलाच्या अकरावीच्या प्रवेशासाठी मी 8 हजार उचल मागितली, तर मालकांनी कशाला हवेत हेसुद्धा न विचारता गल्ल्यातून काढून दिले. कणीक रोजची रोज मळतात. मटकीची उसळ आणि भरलं वांगं तर मी घरी करते त्याहून सरस. त्या बनवणाऱ्या मावशींच्या हाताला खरंच चव आहे.

आता आतलं. एक फडकं आहे. तव्यावरचं जळकं पीठ त्यानेच पुसायचं, ओटा त्यानेच, हातही त्यालाच. दुपारपर्यंत ते काळं आणि चिकट होतं, संध्याकाळच्या पाळीतल्या बायका ते नुसतं पिळून पुन्हा घेतात. हात धुवायला वेगळं बेसिन नाही, भांडी घासायची मोरी आहे तीच. जुलैत जोराचा पाऊस झाला की मोरी उलटी तुंबायची, घाण पाणी पायाखाली यायचं. कणकेची पोती जमिनीवरच असतात. एकदा पोतं उचललं तर खाली उंदराच्या लेंड्या होत्या. वरचं पीठ चाळून वापरलं त्या दिवशी. मी स्वतः चाळलं, आणि मला त्याची लाज वाटते.

मी आधी चाकणला एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये होते. तिथे फॉस्टॅकचं, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षेचं, एक दिवसाचं ट्रेनिंग झालं होतं. थंड ठेवायचं ते 5 अंशांखाली, गरम ठेवायचं ते 60 च्या वर, हे तिथे पाठ करून घेतलं होतं. नखं तपासायचे, टोपी नसेल तर आत घ्यायचे नाहीत, वर्षातून एकदा सगळ्यांचं मेडिकल. इथे 14 आकडी लायसन नंबर भिंतीवर लावलाय, पण मेडिकलचं नाव सात महिन्यांत कुणी काढलेलं नाही.

पण मला सगळ्यात जड गेलं ते संडासाचं. इमारतीच्या मागे एकच आहे, शेजारच्या दुकानांतले पुरुषही तोच वापरतात. आत नळ नाही, बाहेरच्या पिंपातून बादली भरून न्यायची. दाराला कडी नाही, सुतळी आहे. ती खिळ्याला गुंडाळून धरायची, नाहीतर दुसरी बाई बाहेर उभी करायची. म्हणून आम्ही पाणीच पीत नाही. सहा तवे पेटलेले, मे महिना, आणि सकाळपासून एक ग्लास पाणी. मला दोनदा लघवीचा त्रास झाला, दुसऱ्यांदा ताप चढला. डॉक्टर बाई म्हणाल्या, "औषध देते, पण पाणी प्यायला नाहीत तर परत याल." मी मान हलवली. कुठे पिऊ, ते त्यांना काय सांगणार?

भाची वकिलीचं शिकते. ती म्हणाली, मावशी, दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर 2025 पर्यंत महाराष्ट्राचा 2017 चा दुकान कायदा लागू व्हायचा, त्यात प्यायचं पाणी आणि स्वच्छतागृह देणं मालकावर बंधनकारक आहे. मी मालकांशी बोलले. ओरडले नाहीत ते. म्हणाले, "वहिनी, जागा भाड्याची आहे, दिवाळीनंतर बघू." घरी हे म्हणतात, दुसरीकडे तरी काय वेगळं असणार, इथे निदान पगार वेळेवर आहे. त्यांचंही चूक नाही. महिना साडेतेरा हजार सोडायचे म्हणजे आमच्याकडे दुधापासून हिशोब फिरतो.

उरलेली भाजी घरी न्यायची आम्हाला मुभा आहे. पावसाळ्यापासून मी नेणं बंद केलं. एक दिवस मुलगा म्हणाला, "आई, उसळ का नाही आणत हल्ली?" मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. पण दुसऱ्या दिवशी तीच उसळ डब्यांत भरताना हात चालेना. समोर रोज हॉस्टेलची पोरं येतात, माझ्या मुलाएवढी, चार पोळ्या आणि पाव किलो उसळ मागतात. माझ्या पोराला नको ते मी त्यांना बांधून देतेय. त्या दिवशी माझं ठरलं.

उचलीचे महिना 2 हजार कापतात. तीन हप्ते गेले, शेवटचा 7 ऑक्टोबरला. तेवढा फिटला की मी काम सोडतेय, मालकांना तोंडावर सांगून झालंय. त्यांना लिहूनही दिलं काय काय हवं ते: आतून कडी, नळ, हात धुवायला वेगळं बेसिन आणि साबण, मोरीला जाळी, पोत्यांखाली फळ्या. हे झालं तर मी परत यायला तयार आहे, तेही सांगितलं.

त्याला आज नऊ दिवस झाले. दाराला अजून सुतळीच आहे.