संदर्भसूची: एपीए की एमएलए?

एपीए आणि एमएलए या प्रबंधात संदर्भ देण्याच्या दोन ठरलेल्या पद्धती. मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र किंवा समाजशास्त्राचा प्रबंध असेल तर बहुधा एपीए, साहित्य-भाषेचा असेल तर एमएलए. पण आधी मार्गदर्शकांना विचारा, त्यांचा शब्द शेवटचा.

खरा फरक सालाचा. एपीएत लेखकाच्या नावापाठोपाठ कंसात साल येतं, कारण तिथे संशोधन किती ताजं आहे याला महत्त्व. एमएलएत साल मागे, प्रकाशकानंतर. मजकुरातही तेच: एपीएत (जोशी, २०१४), एमएलएत (जोशी ५७), म्हणजे थेट पान. कवितेची ओळ शोधणाऱ्याला सालापेक्षा पानच हवं असतं.

नावांत मराठीची गंमत आहे. एपीएला आडनाव आणि आद्याक्षरं पुरतात. आपले निम्मे लेखक आधीच आद्याक्षरांनी ओळखले जातात, त्यामुळे काम सोपं. एमएलए पुस्तकावर असेल तसं नाव मागतं. शीर्षकातल्या कॅपिटल अक्षरांवरून दोन्हींत मोठा फरक आहे, पण देवनागरीत कॅपिटलच नाहीत, तेव्हा ती डोकेदुखी टळली. प्रकाशनाचं शहर सहसा दोन्हीकडे नको.

मराठी वाङ्मयावर लिहीत असाल तर मी एमएलएच घेईन.