तीन गावांत तीन नोड: युगाबाइट डीबी एक पावसाळा वापरल्यानंतर

आमच्या पतसंस्थेच्या शाखा बेळगाव, खानापूर आणि निपाणीत आहेत. पिग्मी एजंट सकाळी खडेबाजारात रक्कम गोळा करतो आणि तोच खातेदार दुपारी निपाणीच्या काउंटरवर पैसे काढायला उभा राहतो. शिल्लक दोन्हीकडे एकच दिसायला हवी. म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही युगाबाइट डीबी या अनेक सर्व्हरांवर पसरणाऱ्या डेटाबेसवर आलो आणि तिन्ही गावांत त्याचा एकेक नोड, म्हणजे सर्व्हर, ठेवला.

वरचा थर पोस्टग्रेस या प्रचलित डेटाबेसचाच असल्याने जुना कोड बराचसा तसाच चालला. खाली मात्र प्रत्येक टेबलाचे तुकडे होतात, प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती राहतात आणि त्या तिघांचा स्वतःचा राफ्ट गट असतो. राफ्ट म्हणजे प्रतींनी बहुमताने एकमत ठेवण्याची पद्धत. तिघांपैकी एक लीडर, नोंदी त्याच्यामार्फत होतात. लीडर आणि आणखी एकाने नोंद लॉगमध्ये, म्हणजे क्रमाने लिहिलेल्या नोंदवहीत, घेतली की व्यवहार पक्का. ओंगारो आणि आउस्टरहाउट यांनी २०१४ साली मांडलेला हा प्रोटोकॉल समजायला अवघड नाही. आमच्या भागात तो नीट पळवणं हे वेगळं काम आहे.

सुरुवातीला काही व्यवहार झटकन व्हायचे, काही रेंगाळायचे. काउंटर तोच, नेटवर्क तेच. कारण सापडलं ते डेटाच्या पॅकेटच्या वाटेत. बेळगाव आणि खानापूरला इंटरनेट एकाच कंपनीचं, निपाणीला दुसऱ्या. हायवेने निपाणी फार तर दीड तासावर, पण पॅकेट मुंबईला जाऊन परत येत होतं. बेळगावच्या लीडरला खानापूरचा होकार लगेच मिळतो, निपाणीची वाट बघावी लागत नाही. लीडर निपाणीत असला की मात्र जवळचा शेजारीच नाही, प्रत्येक व्यवहार पक्का करायला मुंबईची फेरी. आणि लीडर तर तिन्ही नोडांवर सारखे वाटलेले! नोडांना झोनची नावं देऊन बेळगावला प्राधान्याचा झोन केलं, म्हणजे लीडर शक्यतो तिथेच राहतात, आणि रेंगाळणं थांबलं. वेगासाठी एवढी फळ देणारी दुसरी सेटिंग मला सापडली नाही.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. ‘ड्युरेबल वॉल राइट’ (वॉल म्हणजे हाच लॉग) नावाची सेटिंग मुळात बंद असते. म्हणजे लॉग दर नोंदीला डिस्कवर पक्का होत नाही. एक सेकंद किंवा एक एमबी, जे आधी होईल तेव्हा होतो. दस्तऐवजात स्पष्ट लिहिलंय की नोडांची वीज एकदम जाण्याचा धोका नसेल तरच हे चालेल. इथे? कणकुंबी-जांबोटीकडे पाऊस धरला की खानापूरची लाईट जाते आणि बऱ्याचदा त्याच वेळी बेळगावचीही. यूपीएस कधी ना कधी संपणारच. दोन नोड एकदम पडले तर बहुमतातल्या दोन्ही प्रतींच्या लॉगचा शेवटचा भाग जाऊ शकतो: खातेदाराच्या हातात पावती, लॉगमध्ये नोंद नाही. ‘नोंद घेतली’ म्हणजे डिस्कवर घेतली, हे राफ्टच्या शुद्धतेचं गृहीतक आहे. ते मोडून मिळवलेला वेग मला पतसंस्थेत नको. नकाशावर गावं वेगळी असली तरी वीज एकच असेल तर ती वेगळी नव्हेत.

ती सेटिंग चालू केली तशी साध्या एसएसडीवर गती उतरली. मग वीज गेली तरी हातातलं लिहून पूर्ण करणाऱ्या, कपॅसिटर असलेल्या एसएसडी घेतल्या. खर्च झाला, पण गती बरीचशी परत आली. नंतर खोट्या खात्यांवर व्यवहारांचा मारा चालू ठेवून बेळगाव-खानापूर दोन्हीकडचे प्लग एकदम उपटले आणि पावत्या नोंदींशी ताडून पाहिल्या. प्रत्येक वेळी हिशेब जुळला. तुम्हीही हे खऱ्या खात्यांआधी करा, आणि पुन्हा पुन्हा करा.

लीडर पडला की काउंटर काही सेकंद थांबतो. लीडर दर अर्ध्या सेकंदाला ‘मी आहे’ असा हार्टबीट पाठवतो. असे सहा चुकले की नव्या लीडरची निवडणूक होते, शिवाय नवा लीडर जुन्याची दोन सेकंदांची लीज, म्हणजे लीडर म्हणून उत्तर देण्याची मुदत, संपेपर्यंत थांबतो. हे आकडे कमी करायचा मोह होतो. आम्ही केले नाहीत. मुंबईमार्गे जाणारी लाइन जरा अडखळली की विनाकारण निवडणुका लागतील. लीजची वाट बघणं तर हवंच, नाहीतर जुना लीडर शिळी शिल्लक दाखवत बसेल. नोडांची घड्याळं क्रोनीने (वेळ जुळवणारा प्रोग्राम) जुळवून ठेवा, त्यात कसूर नको.

पावती क्रमांकांचं आधीच ठरवून ठेवा. सिक्वेन्सचे, म्हणजे डेटाबेस आपोआप वाढवतो ते, आकडे मुळात शंभराच्या गठ्ठ्याने राखले जातात, त्यामुळे क्रमात मोठ्या उड्या पडतात आणि लेखापरीक्षक गाळलेला प्रत्येक क्रमांक विचारतो. आम्ही प्रत्येक शाखेसाठी टेबलात क्रमांकाची एक ओळ ठेवली आणि ती पावतीच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये वाढवतो. सगळ्या शाखांना मिळून एकच ओळ ठेवली असती तर सगळे तिच्यावरच अडले असते.

महिनाअखेरचे अहवाल फॉलोअरवरून, म्हणजे लीडर नसलेल्या प्रतीवरून, वाचतो. ते मुळात तीस सेकंद जुने असतात. अहवालाला चालतात, शिल्लक दाखवायला कधीच नाही.

एकाच गावात शाखा असेल तर साधं पोस्टग्रेस आणि चांगला बॅकअप घ्या. शाखा दोन-तीन गावांत असतील तर हे जरूर घ्या, पण नोडांच्या जागा ठरवण्याआधी त्या गावांचं वीज उपकेंद्र कोणतं आणि इंटरनेट कुठून फिरून येतं, ते स्वतः जाऊन विचारा.