शूमनचं ‘ट्रॉयमेराय’ की ग्रीगचं ‘आरिएटा’, आधी कुठलं घ्यावं?

पियानोच्या चार-पाच ग्रेड (परीक्षा) झाल्यात, आता रोमँटिक काळातलं, म्हणजे एकोणिसाव्या शतकातलं, एखादं छोटं पीस (रचना) मनापासून शिकायचंय, तर बहुतेकांचं मन थेट ‘ट्रॉयमेराय’वर जातं. माझं मत विचाराल तर आधी ‘आरिएटा’च घ्या.

कागदावर ‘ट्रॉयमेराय’ सोप्पं दिसतं. एफ मेजर, एकच फ्लॅट (अर्ध्या सुराने उतरवलेला सूर), २४ बार (तालाचे खंड), त्यातले पहिले आठ परत. शूमनने १८३८ मध्ये लिहिलेल्या ‘किंडरत्सेनेन’च्या (‘बालपणीची दृश्यं’) तेरा पीसेसमधलं हे सातवं, पण नावात लहान मुलं आहेत म्हणून मुलांसाठीचं समजू नका, ते मोठ्यांनी मागे वळून बघितलेलं बालपण आहे. खरी गोम अशी की इथे वर मेलडी आणि खाली साथ असा सरळ मामला नाहीच, मधले आवाजसुद्धा स्वतःचं काहीतरी गात असतात आणि चारही आवाज दहा बोटांत सांभाळायचे. चाल प्रत्येक वेळी तशीच वर चढते, पण दुसऱ्या बारमध्ये वरच्या एफवर थांबते, सहाव्यात ए गाठते, आणि २२व्या बारमध्ये पुन्हा तोच ए येतो तेव्हा खाली अशी काही कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) असते की श्वास अडकतो, तिथे फर्माटा, म्हणजे सूर लांबवायची खूण, आहे. ती जागा जपून ठेवायची असते, आधीच सगळं ओतलंत तर तिथे काहीच उरत नाही. शिवाय काही कॉर्ड्स इतक्या रुंद आहेत की हात लहान असेल तर मोडून, म्हणजे एकामागून एक सूर घेत, वाजवाव्या लागतात. टेम्पोचा (वेगाचा) वाद वेगळाच, छापलेला मेट्रोनोम १००, म्हणजे मिनिटाला १०० ठोके, आहे आणि बहुतेक जण त्याच्या कितीतरी खाली वाजवतात.

‘आरिएटा’ म्हणजे ग्रीगच्या ‘लिरिक पीसेस’च्या पहिल्या पुस्तकातलं पहिलंच पीस, १८६७चं, फक्त २३ बार. ई फ्लॅट मेजर म्हणजे तीन फ्लॅट, त्याला घाबरू नका, दोन दिवसांत सवय होते. इथे थर तीनच आणि स्वच्छ वेगळे: वर मेलडी, खाली बास, मधले सोळांश (पाव ठोक्याचे) सूर दोन्ही हातांत वाटलेले. उजव्या हाताची वरची बोटं गातायत आणि त्याच हाताची आतली बोटं हळू साथ देतायत, हे एकदा जमलं की ‘ट्रॉयमेराय’चं अर्धं काम झालंच म्हणा. आधी नुसती मेलडी आणि बास वाजवा, मधला थर नंतर भरा.

सूर वाचायला याहून सोपं हवं असेल तर शोपँचा ई मायनर प्रिल्यूड (छोटी रचना), ओपस २८ या संग्रहातला चौथा. पण डाव्या हाताच्या कॉर्ड्स एकसारख्या ठोकल्या की तो मेलाच.

कीबोर्डला सस्टेन पेडल (बोट उचललं तरी सूर धरून ठेवणारं) नसेल तर तिन्ही थांबवा, आधी पेडल घ्या.