गिअरबॉक्स न उतरवताच बिल: जुन्या मियाटाचं ऑइल लीक

कॅलिफोर्नियात जुनी माझदा मियाटा (दोन सीटची छोटी स्पोर्ट्स कार) बाळगणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. इंजिनाच्या मागून ऑइल गळतंय म्हटलं की गॅरेजवाला गाडीखाली डोकावतो आणि सांगून मोकळा होतो, 'रिअर मेन सील गेलंय.' म्हणजे क्रँकशाफ्टच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) मागच्या टोकाला ऑइल अडवणारं सील. ते फार महाग नसतं, पण बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि बिल फुगतं ते त्या मजुरीनं. माझ्याकडून हजार डॉलरच्या वर घेतले.

गाडी १९९३ ची, १.६ लिटर. घरी आणली आणि काही दिवसांत बेलहाउसिंगखाली (इंजिनाला गिअरबॉक्स जोडणाऱ्या कवचाखाली) पुन्हा तेच थेंब. जॅकस्टँडवर चढवून टॉर्च मारला, तर गिअरबॉक्सच्या बोल्टांवर वर्षानुवर्षांचा काळा चिकट थर जसाच्या तसा! पाना लागल्याची एक खूण नाही. बेलहाउसिंग तेवढं पुसून गाडी परत दिली होती.

मग इंजिनाची मागची बाजू डीग्रीजरने धुतली, ऑइलमध्ये यूव्ही डाय (यूव्ही दिव्याखाली चमकणारा रंग) घातला, गाडी फिरवून आणली आणि अंधारात यूव्ही दिवा धरला. पिवळट हिरवी रेघ पार वरून निघाली होती, सिलिंडर हेडच्या मागे असलेल्या कॅम अँगल सेन्सरपासून (ठिणगी कधी पाडायची हे ठरवायला लागणारा सेन्सर). त्याची ओ-रिंग (ऑइल अडवणारी रबरी कडी) उष्णतेनं प्लास्टिकसारखी कडक होते, ऑइल ओघळत बेलहाउसिंगवर येतं आणि खालून बघणाऱ्याला सीलच गेल्यासारखं वाटतं. या मॉडेलचं हे जुनं दुखणं आहे. मियाटा हाताळणाऱ्या गॅरेजला ते माहीत नव्हतं, हे मला पटत नाही. रिंग दोन-चार डॉलरची. फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधली पत्र्याची भिंत) मात्र इतकी जवळ, की बोल्ट सोडवताना मनगट सोलवटतं. सेन्सर काढण्याआधी त्याच्या जागेवर खूण करा, नाहीतर इग्निशन टायमिंग हलतं.

इथल्या कायद्यानं कामाआधी लेखी एस्टिमेट द्यावंच लागतं, आणि काम सोपवतानाच मागितले तर जुने पार्टही. मी वर्क ऑर्डरवर तसं लिहून घेतलं होतं. गाडी आणायला गेल्यावर उत्तर मिळालं, 'कचऱ्यात गेलं.' गाडी गॅरेजमध्ये सोडण्याआधी बेलहाउसिंगच्या एखाद्या बोल्टावर रंगाचा ठिपका देऊन फोटो काढून ठेवा, वाद लवकर मिटतो.

बोल्टांचे फोटो आणि वर्क ऑर्डर जोडून गॅरेजांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या ब्युरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअरकडे तक्रार केली. त्याला पैसे पडत नाहीत. त्यांच्याकडून विचारणा झाल्यावर गॅरेजनं मजुरी परत केली. सीलचे पैसे मात्र दिले नाहीत. म्हणे, 'ते तर बसवलंय ना!'