साखरेचा जुना स्टॉक, जीएसटी आणि आमचे टॅक्सवाले सर: 5 पैकी 4 स्टार

आमचं होलसेल किराणा, साखर जास्त. टॅक्सचं कोण बघतं असं दोघातिघांनी विचारलं म्हणून लिहितोय, नाव टाकत नाही, सरांनाच आवडत नाही ते.

2017 चा जून. 1 जुलैला जीएसटी लागणार आणि गोडाऊनला 200 पोती साखर, म्हणजे 100 क्विंटल. त्यावर कारखान्याने क्विंटलला 71 रुपये एक्साइज (उत्पादन शुल्क) आणि 124 रुपये सेस (साखरेवरचा जादा कर) आधीच भरलेला, तो आमच्या खरेदीत आलेला, आणि आता विकताना परत 5 टक्के जीएसटी. बाजारात कोण म्हणे सगळं परत मिळतं, कोण म्हणे विसरा आता.

सरांनी काही न बोलता आधी बिलं मागवली. 120 पोती थेट कारखान्याची, बिलावर एक्साइज वेगळा दाखवलेला, त्याचे 71 च्या 71 ट्रान-1 मध्ये (जुन्या स्टॉकवरच्या कराचा फॉर्म) क्रेडिट, म्हणजे पुढे भरायच्या जीएसटीतून वजा. उरलेली 80 दुसऱ्या व्यापाऱ्याकडची, बिलात नुसता भाव. त्याला ट्रान-2 (बिलावर एक्साइज न दाखवलेल्या मालाचा फॉर्म), म्हणजे माल विकल्यावर अडीच टक्के सीजीएसटीचे (5 टक्क्यांतला केंद्राचा अर्धा वाटा) 40 टक्के, 3700 च्या भावाला क्विंटलमागे फक्त 37 रुपये, तेही सहा महिन्यांत विकला तर आणि फायदा गिऱ्हाइकाला द्यायचा. मग म्हणाले, ही 80 आत्ताच काढा, दोन पैसे कमी मिळाले तरी चालतील. 50 गेली, 30 राहिली.

सेसचं मात्र तोंडावर सांगितलं, त्याचं क्रेडिट नाही. जुलैपासून सेसच बंद, नवीन माल त्याच्याशिवाय येणार आणि आपली जुनी पोती त्या नवीन मालाच्याच भावाने विकायची. राहिलेल्या 150 पोत्यांचे, म्हणजे 75 क्विंटलचे 9,300 रुपये गेले. वाईट वाटलं, पण निदान आधीच कळलं होतं, शेजारच्या गाळ्यात ऑगस्टपर्यंत सेस परत मिळेल म्हणून वाट बघत होते!

परवा 2025 च्या सप्टेंबरात साखरेच्या गोळ्यांचा जीएसटी रेट 12 टक्क्यांवरून 5 झाला तेव्हा परत घाबरून फोन केला, शेल्फवर 12 टक्के भरून घेतलेला माल होता ना. सर म्हणाले, घेतलेलं क्रेडिट तुमचंच आहे, उलटवायचं (सरकारला परत भरायचं) नाही, बाकीच्या विक्रीत वापरा, पण रोख परत मागू नका. दोन मिनिटांत विषय संपला.

एक स्टार कापला तो फीसाठी नाही, फी वाजवी आहे. 15 ते 20 तारखेला रिटर्नच्या गडबडीत फोन उचलतच नाहीत, तेव्हा काय विचारायचं ते 10 च्या आत विचारून घ्या.